मदत हवी आहे (तातडीची): स्वतः बनवलेलं पीएलसी मॉड्यूल टाकलं की अॅड्रेस चुकतात

निळी तार
मंडळी, आमचा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत नाही, म्हणून 16 इनपुटचं मॉड्यूल मीच तयार केलं. ड्रॉइंगमध्ये टाकलं की अॅड्रेस (प्रत्येक इनपुटचा क्रमांक) भलतेच येतात. डेटाबेसमध्ये सगळं बरोबर आहे, तपासून झालंय. उद्या ड्रॉइंग मंजुरीला जायचंय. कृपया "मॅन्युअल वाचा" म्हणू नका.

गंजका नट
कुठलं सॉफ्टवेअर? कुठला कंट्रोलर? भलतेच म्हणजे काय येतंय, आणि काय यायला हवं?

चौथी फेज
ईप्लॅन हे दुसरं ड्रॉइंग सॉफ्टवेअर वापरा. पार्टला फंक्शन टेम्प्लेट (कुठल्या टर्मिनलचं काय काम ते) एकदा नीट भरली की मॉड्यूल टाकताना त्रासच नाही. मी कित्येक वर्षं तेच वापरतोय.

निळी तार
ऑटोकॅड इलेक्ट्रिकल. सॉफ्टवेअर बदलणं माझ्या हातात नाही. 7 पर्यंत ठीक, मग गडबड.

गंजका नट
अहो, "गडबड" म्हणजे काय ते लिहा ना! 7 नंतर थेट 10 आला तर ते ऑक्टल (आठ-आठची मोजणी), आणि काही ठिकाणी तेच बरोबर असतं. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेला एक्स 7 नंतर एक्स 10 येतो (एक्स म्हणजे इनपुट). त्यांच्याच क्यू मालिकेत हेक्साडेसिमल (सोळा-सोळाची मोजणी), म्हणजे 9 नंतर ए, आणि एफ झाल्यावर 10. अॅलन-ब्रॅडलीच्या पीएलसी-5 ला ऑक्टल, एसएलसी 500 ला दशमान. सीमेन्सला आय 0.7 नंतर आय 1.0. तुमचा यातला कुठला?

रिकामा स्लॉट
मी या भानगडीत पडतच नाही. चौकोन काढायचा, रेघा मारायच्या, टेक्स्ट टाकायचा, सगळ्याचा एक ब्लॉक (तयार चित्र) करून ठेवायचा. तासाभराचं काम.

गंजका नट
आणि एक इनपुट बदललं की सगळी पानं हातानं चाळत बसायचं? कुठलं इनपुट कुठल्या पानावर ते सांगणारा क्रॉस रेफरन्स नाही, आयओ (इनपुट-आउटपुट) रिपोर्ट नाही, मटेरियलच्या यादीत मॉड्यूलच नाही.

रिकामा स्लॉट
पण माझं ड्रॉइंग वेळेवर जातं.

निळी तार
भांडण नंतर करा. कंट्रोलर एका छोट्या उत्पादकाचा आहे, नाव सांगून उपयोग नाही. एक्स 0 ते एक्स 7 बरोबर. मग कॉमनच्या (इनपुटच्या सामाईक) टर्मिनलवर एक्स 8 येतो, नवव्या इनपुटवर एक्स 9 आणि त्याच्या पुढच्यावर एक्स 10. मला 0 ते एफ हवेत, आणि कॉमनवर काहीच नको.

सोल्डर
कॉमन 24 व्होल्टला आहे की 0 ला? सिंकिंग इनपुट करंट आत घेतो, त्याला पीएनपी (प्लस देणारा) सेन्सर लागतो; सोर्सिंग इनपुट करंट बाहेर देतो, त्याला एनपीएन (0 व्होल्टला जोडणारा). हे आधी ठरवा, नाहीतर पॅनेल चालू केल्यावर एकही इनपुट लागणार नाही.

निळी तार
हे मी विचारलेलंच नाही.

गंजका नट
आता कळलं. एकावर एक बसलेले दोन वेगळे घोळ आहेत. पीएलसी डेटाबेस फाईल एडिटरमध्ये टर्मिनलच्या तक्त्यात कॉमनच्या ओळीला तुम्ही इनपुटचंच चिन्ह दिलेलं दिसतंय. त्या चिन्हात अॅड्रेसचं अॅट्रिब्यूट (माहिती भरायची जागा) असतं, म्हणून कॉमन एक अॅड्रेस खातो. तिथे नुसत्या टर्मिनलचं चिन्ह द्या, ज्यात टर्मिनल क्रमांक आहे पण अॅड्रेस नाही. दुसरं म्हणजे मॉड्यूलच्या माहितीत बेस अॅड्रेसिंग डेसिमल (दशमान) असणार, ते हेक्साडेसिमल करा. प्रॉम्प्ट ठेवलंत तर टाकताना दर वेळी विचारेल, आणि घाईत कोणीतरी चुकीचं निवडेलच.

चौथी फेज
सिंकिंग-सोर्सिंगवर म्हणाल तर काही उत्पादक हे शब्द इनपुटसाठी वापरतात, काही सेन्सरसाठी. त्यामुळे शब्दावर जाऊ नका, डेटाशीटमधली वायरिंगची आकृती बघा.

सोल्डर
मी इनपुटच म्हटलंय. नीट वाचा.

निळी तार
दोन्ही बदललं. तरी तेच!

गंजका नट
आधी टाकलेलं मॉड्यूल आपोआप बदलत नाही. टाकतानाच त्याचा ब्लॉक तयार होऊन ड्रॉइंगमध्ये बसतो, नंतर डेटाबेसकडे तो वळूनही बघत नाही. ते पुसा आणि नव्याने टाका. तरीही जुनंच आलं तर एडिटर एक एमडीबी (डेटाबेसची) फाईल उघडतोय आणि प्रोजेक्ट सर्व्हरवरची दुसरीच वापरतोय का, ते बघा.

निळी तार
पुसून परत टाकलं. कॉमन रिकामा आला, 9 नंतर ए आला. आता हेच मॉड्यूल आठ-आठ करून दोन पानांवर हवंय. दोन वेगळी मॉड्यूल बनवू का?

रिकामा स्लॉट
बनवा. सोपं पडतं.

गंजका नट
मुळीच नको, मटेरियलच्या यादीत दोन नग येतील. टाकताना मॉड्यूल लेआउटच्या खिडकीत "इन्सर्ट ऑल" ऐवजी "अलाऊ स्पेसर्स/ब्रेक्स" निवडा. आठव्या इनपुटनंतर विचारलं की तोडा, उरलेला भाग पुढच्या पानावर टाका. कॉमनची ओळ कुठल्या अर्ध्यात जाते तेवढं आधी ठरवा. आणि ती एमडीबी फाईल आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना असली हाताने केलेली कामं मागे राहतात.

सुटा फ्यूज
घुसखोरीबद्दल माफ करा. माझ्याकडे हा एडिटर उघडतच नाही, डेटाबेस इंजिनची एरर येते. 32 बिटचं ऑफिस आहे, त्यामुळे असेल का?

चौथी फेज
बहुतेक तेच. याला मायक्रोसॉफ्टचं 64 बिटचं अॅक्सेस डेटाबेस इंजिन लागतं आणि 32 बिटच्या ऑफिसशेजारी ते सरळ बसत नाही. आयटीवाल्यांकडून ऑफिस 64 बिट करून घ्या.

सुटा फ्यूज
आयटीवाले म्हणतात, लेखा विभागाची एक्सेल अॅड-इन मग चालणार नाहीत.

रिकामा स्लॉट
म्हणून म्हणतो, रेघा मारा.