वय वंदना कार्ड आहे, मग सुपर टॉप-अप किती डिडक्टिबलचा?

दादा, आईचं वय ७३, वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं सरकारी आयुष्मान कार्ड) काढलंय, म्हणून ५ लाख डिडक्टिबलचा (म्हणजे पहिले ५ लाख विमा कंपनी देत नाही, त्यावरचंच देते) सुपर टॉप-अप आरोग्य विमा घेऊ का असं विचारलंत. कागदावर हिशोब बरोबर वाटतो, पण ते कार्ड योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलातच चालतं. आपल्या देवगड-मालवणकडची माणसं मोठं काही झालं की कोल्हापूर नायतर गोव्याकडे पळतात, आणि रात्री-अपरात्री जिथे पोचलो ते हॉस्पिटल यादीत नसलं तर पहिले ५ लाख खिशातूनच, टॉप-अप त्याच्यावरचंच बघणार. म्हणून परवडत असेल तर डिडक्टिबल २-३ लाखांचंच घ्या. साधा टॉप-अप नको हां, त्यात सहसा दर ॲडमिशनला डिडक्टिबल वेगळं धरतात, सुपरमध्ये वर्षभराची बिलं एकत्र. शुगर-बीपी फॉर्मवर लिहाच, एजंट काय वाट्टेल ते सांगूदे. जुन्या आजाराला पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, कार्डाला मात्र पहिल्या दिवसापासून कव्हर. बाबा पण सत्तरीपुढचे असतील तर कार्डाचे ते ५ लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाहीत. कोटेशन आलं की को-पे (प्रत्येक बिलातला आपण भरायचा हिस्सा) किती टक्के लिहिलाय ते आधी बघा, प्रीमियम नंतर.