मदत हवी आहे: साठलेले माइल्स आई-वडिलांच्या प्रवासासाठी खर्चावेत की अडीअडचणीसाठी राखून ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. पत्नी आणि मी दोघेही नोकरी करतो, मुलगा सातवीत आहे आणि माझे आई-वडील साताऱ्यात असतात. कार्यालयीन प्रवास आणि युनायटेड एअरलाइन्सचे क्रेडिट कार्ड यांच्या बळावर मायलेजप्लस या त्यांच्या योजनेतल्या माझ्या खात्यात आता ३ लाख १० हजारांच्या आसपास माइल्स, म्हणजे पैशांऐवजी देऊन विमानाचे तिकीट काढता येते असे पॉइंट्स, जमले आहेत. येत्या एप्रिलमध्ये आई-बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणायचे घाटते आहे आणि त्या निमित्ताने या माइल्सचे नेमके काय करावे यावरून घरात दोन मते पडली आहेत. दोन्ही मते मला पटतात, म्हणूनच निर्णय होत नाही.

पत्नीचे म्हणणे असे की हे माइल्स वापरून दोघांना येताना बिझनेस क्लासने आणावे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह आहे आणि मागच्या खेपेला इकॉनॉमीतून उतरल्यावर आईचे पाय इतके सुजले होते की घरातून निघताना घातलेल्या चपला तिला नेवार्कला चढवता येईनात. त्यात आधी साताऱ्याहून मुंबई विमानतळापर्यंतचा गाडीचा प्रवास, मग तीन तास आधी पोहोचून रांगा, मग विमान. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आडवे होऊन झोपता आले तर त्या सोयीचे मोल डॉलरमध्ये मांडत बसू नये, असे तिला वाटते.

माझा कल मात्र राखून ठेवण्याकडे आहे आणि त्याचे कारणही आई-वडीलच आहेत. परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात रात्री-अपरात्री येणाऱ्या एका फोनची धास्ती असते. एका मित्राच्या वडिलांना डिसेंबरात अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशीच्या इकॉनॉमी तिकिटाला २,४०० डॉलर मोजले. फेब्रुवारीत तेच तिकीट अकराशे-बाराशेत मिळाले असते. तसा प्रसंग माझ्यावर आला तर खात्यात माइल्स असावेत आणि भाड्याकडे न पाहता निघता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. माइल्सकडे मी आजवर अशा वेळेची गंगाजळी म्हणूनच पाहत आलो आहे.

आता आकड्यांकडे येतो. मागच्या आठवड्यात मी युनायटेडच्या संकेतस्थळावर मुंबई ते नेवार्क असा एकेरी प्रवास शोधला. महिन्याचे कॅलेंडर उघडले, तर एका मंगळवारच्या चौकोनात बिझनेस क्लाससाठी माणशी १ लाख १० हजार माइल्स दिसत होते आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी अडीच लाखांच्या वर. मंगळवारचा पर्याय फ्रँकफर्टमार्गे लुफ्तान्साचा होता, म्हणजे जागा युनायटेडच्या माइल्सवर तिकीट मिळते अशा भागीदार कंपनीची होती. इकॉनॉमीसाठी कमीत कमी आकडा ४५ हजारांच्या आसपास होता. रोख पैसे दिले असते तर तेच बिझनेसचे एकेरी तिकीट २,८०० डॉलरच्या घरात पडले असते आणि इकॉनॉमीचे साधारण सहाशेला.

भागाकार केला तर बिझनेसमध्ये एका माइलमागे अडीच सेंट पदरात पडतात आणि इकॉनॉमीत जेमतेम सव्वा सेंट. या हिशेबाने पत्नीचे पारडे जड ठरते. पण हा हिशेब थोडा फसवा आहे असे मला वाटते, कारण २,८०० डॉलर रोख देऊन मी बिझनेसचे तिकीट कधीच काढले नसते. ज्या वस्तूला मी स्वतःच्या खिशातून सहाशे किंवा फार तर हजार डॉलर दिले असते, तिची किंमत २,८०० धरून स्वतःची पाठ थोपटून घेण्यात काय अर्थ आहे? तातडीच्या वेळचे २,४०० डॉलर मात्र मी खरोखरच दिले असते. तेव्हा ती बचत खरी आणि बिझनेसची बचत कागदावरची, असे मला वाटते. या युक्तिवादावर पत्नीने एवढेच विचारले की आईंच्या पायांची सूजही कागदावरचीच होती का. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

साठवून ठेवण्यात धोका आहे हे मला माहीत आहे. युनायटेडने ऑगस्ट २०१९ मध्ये माइल्सची मुदत काढून टाकली, त्यामुळे ते आपोआप बाद होण्याची भीती नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरपासून कंपनीने स्वतःच्या उड्डाणांसाठीचे ठरलेले कोष्टकही काढून टाकले आणि कोणत्या तिकिटाला किती माइल्स लागतील हे मागणीप्रमाणे बदलू लागले. डेल्टाने हेच २०१५ मध्ये केले होते. माइल्सवर व्याज मिळत नाही, त्यांची क्रयशक्ती मात्र घटत राहते आणि ती किती घटवायची हे सर्वस्वी कंपनीच्या हातात असते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडून त्यांच्या या योजनांची माहिती मागवली होती, त्यातही माइल्सचे मूल्य परस्पर घटवणे हा एक मुख्य मुद्दा होता. म्हणजे ही तक्रार माझ्या एकट्याची नाही.

पत्नीच्या एमिरेट्सच्या खात्यात थोडे माइल्स आहेत. तिथे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी खातेदाराच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस बाद होतात, म्हणून ते यंदाच वापरून टाकायचे हे ठरलेले आहे. त्याबद्दल प्रश्न नाही.

माझे प्रश्न असे आहेत. तातडीच्या प्रवासासाठी माइल्स खरोखर उपयोगी पडतात का, की आकडे मागणीप्रमाणे बदलत असल्यामुळे ऐन वेळी माइल्सचा भावही रोख भाड्यासारखाच गगनाला भिडलेला असतो? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे. राखीव म्हणून ठेवायचेच असतील तर किती ठेवावेत? आणि वयस्कर आई-वडिलांना कनेक्टिंग उड्डाणाच्या बिझनेस क्लासने आणणे बरे की एअर इंडियाच्या थेट उड्डाणाच्या इकॉनॉमीने? फ्रँकफर्टला एका टोकाच्या गेटपासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागले तर व्हीलचेअर मिळेपर्यंत त्यांची दमछाक होईल, हाही विचार मनात येतो. दोघांनाही इंग्रजी कामापुरते येते, पण गोंधळाच्या वेळी बाबा बोलायचेच थांबतात.

तिकिटे येत्या दोन-तीन आठवड्यांत काढायची आहेत. आगाऊ आभार.

*

प्रतिसाद: खिडकीतली जागा

तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी वेगळे काढू. गंगाजळी किती लागते याचा हिशेब तुम्ही केलेलाच नाही. अचानक निघावे लागले तर पहिल्या दिवशी एकटे तुम्ही निघणार. मुलाची शाळा आणि पत्नीची नोकरी सोडून तिघे एकदम निघणार नाहीत. तुम्हालाही त्या क्षणी फक्त जाण्याचे तिकीट लागते. परत कधी यायचे ते तिथे पोहोचल्याशिवाय कळत नाही आणि ते तिकीट नंतर सवडीने, स्वस्त दिवस पाहून काढता येते. म्हणजे राखीव हवे ते एका माणसाच्या एका बाजूच्या इकॉनॉमी तिकिटापुरते. त्याला ४५ हजार लागतात असे धरा, ऐन वेळचा चढा भाव म्हणून आणखी अर्धे धरा, तरी सत्तर हजारांत भागते. दोघांच्या बिझनेसला २ लाख २० हजार गेले तरी तुमच्याकडे नव्वद हजार उरतात. मग भांडण कशाबद्दल आहे?

ऐन वेळच्या भावाबद्दल माझा अनुभव असा की युनायटेडच्या स्वतःच्या विमानांचे माइल्समधले दर रोख भाड्याबरोबर चढतात, तिथे आशा ठेवू नये. भागीदार कंपन्यांच्या जागांचे गणित वेगळे असते. लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, एअर इंडिया या सगळ्या युनायटेडप्रमाणेच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. न विकलेल्या जागा त्यांच्याकडून पुष्कळदा शेवटच्या दोन आठवड्यांत खुल्या होतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशीही बरा दर मिळून जातो. मात्र नाताळच्या आणि शाळांच्या सुट्ट्यांत जागाच उरत नाहीत. त्या काळात खात्यात दहा लाख माइल्स असले तरी उपयोग नाही, तिथे क्रेडिट कार्डच बाहेर काढावे लागते. म्हणून खरी गंगाजळी बँकेत रोख असावी, माइल्स ही तिची जोड.

राखीव साठा वाढवायचाच असेल तर यापुढे तो एका कंपनीच्या माइल्समध्ये न वाढवता बँकेच्या पॉइंट्समध्ये वाढवा. चेस बँकेच्या कार्डांचे पॉइंट्स युनायटेडकडे वळवता येतात, तसेच एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेकडे, सिंगापूर एअरलाइन्सकडे आणि ब्रिटिश एअरवेजकडेही. एकदा वळवले की परत आणता येत नाहीत, म्हणून जागा समोर दिसेपर्यंत वळवू नका. एका कंपनीने भाव वाढवले तर दुसरीचा दरवाजा उघडा राहतो, हा त्यातला फायदा.

माइल्स म्हणजे मुदत ठेव नव्हे, हे आपल्या लोकांनी एकदा किंगफिशरच्या वेळी अनुभवलेले आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबली आणि किंग क्लबचे माइल्स जमवणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा पॉइंट्सची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ती पुढे इंटरमाइल्स या नावाने तगली, एवढेच. युनायटेडचे तसे काही होईल असे मी म्हणत नाही. उलट २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी मायलेजप्लस ही योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले होते, इतकी ती त्यांना मोलाची आहे. पण जी योजना कंपनीला इतकी मोलाची, ती सर्वात जास्त कोणाच्या फायद्याची असते ते सांगायला नको.

*

प्रतिसाद: कोयनाकाठ

माझ्या सासू-सासऱ्यांना आम्ही दोन्ही प्रकारे आणून पाहिले आहे, म्हणून फक्त शेवटच्या प्रश्नापुरते लिहिते. थेट उड्डाणात सोळा तासांच्या आसपास एका जागी बसावे लागते, पण वाटेत कुठे चढ-उतार नसते. फ्रँकफर्टला व्हीलचेअर आधी नोंदवलेली असेल तर माणूस विमानाच्या दारातच घ्यायला येतो आणि सुरक्षा तपासणीतही मदत करतो. दोघांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि व्हीलचेअर दोघांसाठीही मागा, नाहीतर एकाला खुर्चीतून नेतात आणि दुसरा मागे धावत राहतो. थांबा अडीच-तीन तासांपेक्षा कमीचा घेऊ नका. गुडघ्यांचा त्रास असेल तर मी बिझनेस आणि एक थांबा हाच पर्याय निवडेन. बोलायचे थांबणारे बाबा हीच मोठी अडचण असेल तर थेट उड्डाण.

परतीचे तिकीटही आत्ताच काढून टाकू नका असे सुचवते. माइल्सवर एकेरी तिकिटे सुटी काढली तरी भुर्दंड पडत नाही, रोखीत एकेरी तिकीट पुष्कळदा परतीच्या निम्म्याहून बरेच महाग असते. शिवाय युनायटेडचे माइल्सवरचे तिकीट निघण्यापूर्वी रद्द केले तर माइल्स दंडाशिवाय खात्यात परत येतात. ज्येष्ठांच्या बाबतीत ही सोय फार कामाची आहे, कारण तारीख तब्येतीवर ठरते.

*

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. राखीव साठा एकट्याच्या, एका बाजूच्या प्रवासापुरताच मोजायचा, हे माझ्या खरोखर लक्षात आले नव्हते. मी नेहमी तिघांची परतीची तिकिटे धरून चाललो होतो, आणि त्या हिशेबाने कितीही माइल्स जमले तरी ते अपुरेच वाटणार होते. रद्द केल्यावर माइल्स परत मिळतात या माहितीने तर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. आज एप्रिलची तिकिटे काढली आणि मधल्या काळात काही उद्भवलेच, तर तीच रद्द करून ते माइल्स मला स्वतःला वापरता येतील. म्हणजे एप्रिलपर्यंत तरी खर्चलेले आणि राखलेले यांत फारसा फरक उरत नाही.

रात्री बाबांशी फोनवर बोललो. थांबा चालेल, पण व्हीलचेअरमध्ये मी बसणार नाही, ती हिला द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना राजी करण्याचे काम पत्नीने अंगावर घेतले आहे. मंगळवारची लुफ्तान्साची जागा आज सकाळपर्यंत १ लाख १० हजारांनाच दिसत होती. म्युनिकमार्गे आणखी एक पर्याय आहे, त्यात थांबा सव्वातीन तासांचा आहे आणि विमान नेवार्कला दुपारी उतरते. म्युनिकला ज्येष्ठांना घेऊन विमान बदललेले कोणी इथे असेल, तर तिथे एका विमानातून दुसऱ्यात जाताना किती चालावे लागते ते कृपया लिहावे. उद्या संध्याकाळी दोन्हींपैकी एक नक्की करणार आहे.