पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं मेडल सापडलंय, माहिती कशी काढायची?

माळ्यावरचा पेटारा: नमस्कार मंडळी. परवा आजोबांची जुनी ट्रंक उघडली तर तळाशी फडक्यात गुंडाळलेलं मेडल निघालं, एका बाजूला राजाचं तोंड, मागे घोड्यावर उघडा माणूस आणि बाजूला 1914 आणि 1918 असं लिहिलेलं. रिबन जवळजवळ गेलीय, मधे थोडा नारिंगी रंग दिसतो. घरात सगळे म्हणतात पणजोबा मराठा पलटणीत शिपाई होते आणि बसऱ्याला लढले. आजी मात्र म्हणायची की ते रूळ टाकायला गेले होते, पण तेव्हा तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि आता ती नाही. नक्की काय ते कसं कळेल? आणि पितांबरीने घासू का, फार काळं झालंय.

गडवाटा: मराठा पलटण आणि मेसोपोटेमिया (आजचा इराक, बसरा तिथलंच) म्हणजे कुत-अल-अमारा या गावचीच लढाई असणार बघा! 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या वेढ्यात होत्या, 29 एप्रिल 1916 ला सगळं सैन्य शरण गेलं आणि कैदेत कितीतरी जण मेले. फार मोठी गोष्ट आहे ही, जपून ठेवा.

पदकसंग्रह: आधी हे, घासू नका!! पितांबरी नको, ब्रासो नको, चिंच पण नको. घासलं की उठाव झिजतो आणि कडेवरची अक्षरं पुसट होतात, आणि तुमचा सगळा शोध त्या अक्षरांवरच उभा आहे. याला ब्रिटिश वॉर मेडल म्हणतात. जाडीच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरा आणि मेडल हळूहळू फिरवत मोबाइलवर फोटो काढा, आपोआप वाचता येतं. स्पेलिंग क्लार्कने ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे आडनाव विचित्र दिसलं तर गोंधळू नका. नंबर जास्त भरवशाचा, फक्त तो त्या युनिटपुरताच असतो, दुसऱ्या पलटणीत तोच नंबर दुसऱ्याचा असू शकतो.

गडवाटा, कुतचं आत्ताच नको. पलटण कुतला होती म्हणजे प्रत्येक माणूस तिथे होता असं नाही, मागे डेपोत आणि नंतरच्या भरतीत पण खूप लोक असायचे.

आणि एक सांगा, मेडल काळं आहे की तपकिरी?

माळ्यावरचा पेटारा: नीट बघितलं, तपकिरी आहे, खाचेत थोडं हिरवट. कडेवर नंबर आहे, नाव अर्धं कळतं (आडनाव आमचंच, एक अक्षर चुकलंय) आणि शेवटी लेबर कॉर्प्स असं स्पष्ट वाचता येतं. मराठा शब्द कुठेच नाही. म्हणजे ते शिपाई नव्हतेच का?

पदकसंग्रह: लेबर कॉर्प्स म्हणजे मजूर तुकडी, मग तुमची आजी बरोबर होती. हे मेडल चांदीचं साठ लाखांहून जास्त लोकांना मिळालं, कांस्याचं मात्र लाखाच्या आसपासच, आणि ते मुख्यतः मजूर तुकड्या, हमाल, असे जे बंदूक न घेता गेले त्यांना. चांदी काळी पडते, तुमचं तपकिरी आहे म्हणजे कांस्याचं. शिपाई नव्हते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्या युद्धात भारतातून जी भरती झाली त्यातले साडेपाच लाखांहून जास्त लोक असे बिनलढाऊ होते. मेसोपोटेमियात रस्ते नव्हते, बंदर अपुरं, पूर आला की सगळीकडे चिखल. 1916 मध्ये बसऱ्याहून नसिरियाकडे रेल्वे टाकायला घेतली ती अशाच मजुरांच्या हातांनी. रूळ टाकायला गेले होते हे आजीचं वाक्य अगदी जसंच्या तसं बसतं.

बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, खालच्या लोकांची नावं नाहीत, फक्त आकडे. तुमच्याकडे मात्र एका मजुराचं नाव धातूवर ठोकलेलं आहे. हे मेडल विकू नका हो, कोणी कितीही मागे लागलं तरी.

जुनी कागदपत्रं: शोधाबद्दल थोडं. लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमधली मेडल कार्डं (कोणाला कोणतं मेडल मिळालं त्याच्या नोंदी) मुख्यतः ब्रिटिश सैन्याची आहेत, तिथे पणजोबा सापडतील अशी फार आशा धरू नका. पण तिथेच युनिटांच्या वॉर डायऱ्या आहेत, कोणत्या महिन्यात कुठे काम चालू होतं ते त्यात कळतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फक्त मेलेल्यांची नोंद असते, तरी त्याच लेबर कॉर्प्सची नावं काढून बघा, पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, आपल्या भागातले अजून कोण गेले ते दिसतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे ऑनलाइन पोर्टल पण चाळा. शिवाय गावात जुन्या चावडीवर किंवा शाळेत संगमरवरी पाटी आहे का बघा, या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके मेले, अशी. बेळगावचं मराठा रेजिमेंटचं म्युझियम बघायला छान आहे पण तुमच्या कामाचं नाही आता.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, त्यातल्या पीव्हीसीने धातू हिरवा पडतो. अॅसिड नसलेला कागद आणि कोरडी जागा. रिबन धुवायची नाही, जशी आहे तशीच राहू दे.

माळ्यावरचा पेटारा: खूप खूप आभार सगळ्यांचे. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की आजी रेल्वेचा आवाज आला की पणजोबांचं नाव काढायची. रविवारी गावी जातोय, चावडीजवळ एक पाटी आहे खरी, लहानपणी त्याच्यावर बसायचो आम्ही, वाचली कधीच नाही. फोटो टाकतो इथे.