तुंगचा कडा आणि पवनेचं पाणी इन्फ्रारेडमध्ये काढायचंय, सल्ला द्या

कर्वेनगरी
मंडळी, पवना धरणाच्या पाण्यातून वर आलेला तुंग किल्ल्याचा कडा ब्लॅक अँड व्हाइट इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या लालपलीकडच्या प्रकाशात, काढायचं डोक्यात बसलंय. जुना निकॉन डी७० घरात पडून होता, त्याला ७२० नॅनोमीटरचा फिल्टर (साधा प्रकाश अडवून इन्फ्रारेड तेवढा आत सोडणारी काच) लावला, मे महिन्यात समोरच्या तिकोना किल्ल्यावर जाऊन अर्धा दिवस भाजून घेतलं आणि हाती काय आलं तर काळा कडा, काळं पाणी आणि मधे मळकट राखाडी गवत. बायकोने विचारलं, लेन्सची टोपी काढली होती ना? कॅमेरा कन्व्हर्ट करून घेऊ का, म्हणजे आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून? की जागाच चुकली?

कातळवेडा
मे महिन्यात गेलात तिथेच गंडलं. इन्फ्रारेडमध्ये पाणी काळं येतं कारण ते हा प्रकाश शोषून घेतं, निळं आकाश पण गडद येतं, आणि आपला बेसॉल्ट मुळातच काळा. म्हणजे पांढरं यायला फक्त झाडोरा उरतो, तोच मे मध्ये वाळलेला नाहीतर वणव्यात जळलेला. हिरव्या पानातलं हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही आणि आतल्या पेशी तो परत फेकतात म्हणून पान बर्फासारखं दिसतं. याला वुड इफेक्ट म्हणतात, लाकडाशी काही संबंध नाही, रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले होते.
पाऊस उघडल्यावर जा, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. सह्याद्रीचा कडा थराथराचा असतो ना, एक उभा कातळ, मग गवताची पट्टी, परत कातळ. त्या सगळ्या पट्ट्या पांढऱ्या होतात आणि कड्यावर कुणीतरी चुन्याने रेघा ओढल्यासारखं दिसतं. हे मे मध्ये मिळणारच नाही, कॅमेरा कितीही भारी आणा. वर दोनचार पांढरे ढग असले तर पाण्यातही काहीतरी उतरतं, नाहीतर तळं म्हणजे नुसता डांबराचा पट्टा.

ट्रायपॉडवाली ताई
वरच्यांशी सहमत. डी७० बदलू नका, त्याचा आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर कमजोर आहे म्हणून तर तो या कामाला चालतो. टीव्हीचा रिमोट लेन्सकडे धरून बटण दाबा आणि फोटो काढा, ठिपका उजळला की समजा जमलं. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही म्हणून आधी फ्रेम लावा, फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाकून फिल्टर चढवा. इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकतो, जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची (जुन्या बाजारात रविवारी अशा लेन्स अजून सापडतात, बुरशी बघून घ्या), खूण नसेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करा, एफ ८ ते ११. त्यापुढे गेलात तर काही लेन्समध्ये मधोमध पांढरा डाग येतो. एक्स्पोजर काही सेकंदांपर्यंत लांबतं, मागचं आयपीस झाका, आणि वारा असेल तर पानं म्हणजे कापूस. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स हिरव्या गवतावर घ्या.

भाजलेलाहात
कन्व्हर्जनबद्दल माझा अनुभव सांगतो, एका ठिकाणी करून घेतलं तर सेन्सरवरच्या नव्या काचेखाली धूळ अडकली, प्रत्येक आकाशात तेच तीन ठिपके. शिवाय त्या कॅमेऱ्यात परत साधे रंगीत फोटो नीट येत नाहीत. करायचंच तर जुना मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊन करा, तिथे फोकस सेन्सरवरच होतो त्यामुळे सरकायची भानगड नाही. फक्त ब्लॅक अँड व्हाइटच हवं असेल तर ८३० नॅनोमीटरचा फिल्टर.

नवखा_हडपसर
मोबाईलवर हिरवा रंग पांढरा करून नाही का चालणार?

ट्रायपॉडवाली ताई
झाडं पांढरी करता येतील हो, पण लांबचा धुरकटपणा तसाच राहतो. इन्फ्रारेडची खरी मजा तिथेच आहे, तिकोन्यावरून तुंग हाताच्या अंतरावर वाटतो.

कातळवेडा
तिकोन्यावरून तुंग पश्चिमेला पडतो, म्हणजे सकाळचं ऊन कड्यावर समोरून येतं. नऊसाडेनऊपर्यंत वर पोचा, कामशेतवरून तिकोनापेठ. इन्फ्रारेडला अकराबाराचं ऊनही चालतं, बाकीचे फोटोवाले तेव्हा मिसळ खायला उतरलेले असतात. पाण्याच्या कडेने काढायचं असेल तर लोणावळा, घुसळखांब करून तुंगवाडीला जा, पण धरणाच्या काठचा चिखल फसवा असतो, ट्रायपॉड लावायच्या नादात पुढे सरकू नका.

कर्वेनगरी
बरं झालं विचारलं, कन्व्हर्जनचे पैसे वाचले. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिकोना, गाडीत दोन जागा आहेत, पहाटे साडेपाचला कर्वे पुतळ्यापाशी. कोण येतंय?