रक्त आलं असेल तर नुसत्या लशीवर थांबू नका

स्नेहा, बी ३०२: पार्किंगमध्ये आरवच्या पोटरीला कुत्रा चावला. दोन दात रुतलेत, रक्त आलंय. दवाखान्यात रेबीजची लस दिली, पण मोठ्या हॉस्पिटलात जाऊन जखमेतही इंजेक्शन घ्या म्हणतात. लस दिल्यावर हे कशाला?

जोशीकाका, ए १०१: आमच्या वेळी पोटात चौदा घ्यायचो. आता लस पुरते. पोराला उगाच त्रास नको.

डॉ. मेधा, सी ५०४: काका, रक्त आलं असेल तर नाही पुरत. स्नेहा, आजच जा. लशीमुळे शरीर स्वतः अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं बनवतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर रेबीजचा विषाणू मज्जातंतूत शिरला तर हाताबाहेर जातं. म्हणून तयार अँटिबॉडी जखमेतच सोडायची. दोन्ही दातांच्या खुणांत आणि भोवती भरा, असं ठामपणे सांग. नुसतं दंडात देऊन भागत नाही. आरव खूप रडेल, घट्ट धरून बस.

इक्बालभाई, बी २०१: ते घोड्याच्या रक्तापासून करतात ना? रिअ‍ॅक्शन येते म्हणे.

डॉ. मेधा: घोड्याला लस टोचून त्याच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या द्रवातून अँटिबॉडी काढतात, हो. आता ती शुद्ध केलेली असते, गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचितच. टोचल्यावर थोडा वेळ तिथेच थांबवून घेतात. माणसांच्या प्लाझ्मातलीही मिळते, पण महाग. आणि आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेली. तिला ना घोडा लागतो, ना रक्तदाता. मात्रा वजनावर: १८ किलोच्या मुलाला घोड्याची ७२० युनिट, माणसाची ३६०, मोनोक्लोनल जेमतेम ६०. पण हीच हवी म्हणून उद्यावर ढकलू नकोस, मिळेल ती घे.

स्नेहा: आरव १८ किलोचाच आहे. सासूबाईंनी जखमेवर हळद लावलीय, चालेल?

डॉ. मेधा: धुऊन टाक. साबण लावून नळाच्या धारेखाली घड्याळ बघून १५ मिनिटं. वर काही लावू नकोस, पट्टीही नको.

पाटील, ए ४०३: डॉक्टर, आमच्या कामवाल्या मावशींनाही परवा चावला. रक्त आलं होतं. लस झालीय, जखमेत काही दिलं नाही.

डॉ. मेधा: पहिल्या लशीपासून ७ दिवसांच्या आत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण लशीने बनणाऱ्या अँटिबॉडीला अडथळा होऊ शकतो. त्यांनाही आजच पाठवा. आणि लशीचे पुढचे डोस दोघांनीही चुकवायचे नाहीत.

सेक्रेटरी: हॉस्पिटलात फोन केला, साठा आहे. गाडी काढतोय. स्नेहा, जखम धुऊन झाली की खाली या. पाटील, मावशींचा पत्ता टाका, त्यांना वाटेत घेतो.