कोंगा (हाताने वाजवायचा क्यूबन ढोल) सुरू झाला की माझी सम हरवते. लॅटिन जॅझमधलं काय आणि कोणत्या क्रमाने ऐकू?

निळा_कागद

नमस्कार मंडळी. गेले आठ-नऊ महिने जॅझ ऐकतोय. 'काइंड ऑफ ब्लू', 'टाइम आउट' आणि 'गेट्झ/जिल्बर्टो' या तीन अल्बमांची अक्षरशः पारायणं झाली आहेत. 'टेक फाइव्ह'चे पाच आता न मोजताही धरता येतात. त्या भरवशावर परवा डिझी गिलेस्पीचं 'मान्तेका' लावलं आणि अडकलो.

सुरुवातीला मी पायाने ठेका धरतो. चार-सहा आवर्तनं होतात न होतात तोच पाय भलतीकडे पडायला लागतो. मधे सगळं एकदम सरळ स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या नेहमीच्या झुलत्या चालीत येतं, तेव्हा जीव भांड्यात पडतो. मग कोंगा परत आला की पुन्हा तीच गत. संगीत आवडत नाही असं मुळीच नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय, पण आत शिरता येत नाहीये.

मोठी यादी नको. चार-पाच अल्बम सांगा, आणि त्यात कान कशाकडे द्यायचा तेही सांगा.

पहाटवारा

'गेट्झ/जिल्बर्टो' इतका आवडला असेल तर त्याच्या आधीचा 'जॅझ सांबा' ऐकाच. स्टॅन गेट्झ आणि गिटारवर चार्ली बर्ड, १९६२. वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ध्वनिमुद्रण झालं होतं. फक्त ती ब्राझीलची वाट आहे. 'मान्तेका' क्यूबाच्या वाटेवरचं. दोन्हींना लॅटिन म्हणतात, पण एक कळली म्हणून दुसरी कळते असं होत नाही. क्यूबाबद्दल अर्धविरामताईंनी लिहावं अशी विनंती.

अर्धविराम

लिहिते. जरा लांबेल.

आधी माझ्याबद्दल एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आजारपणात तो कान गेला. 'काइंड ऑफ ब्लू' मी त्यानंतर पहिल्यांदा ऐकला, इअरफोन लावून. त्याच्या स्टिरिओ मुद्रणात दोन सॅक्सोफोनवादकांपैकी कोल्ट्रेन डावीकडे आहे आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली उजवीकडे. त्यामुळे कित्येक महिने माझ्यापुरता कोल्ट्रेन शेजारच्या खोलीत वाजवत होता. पुढे मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र आणून ऐकायला शिकले, आणि स्पीकर घेतला तेव्हा तळहात त्याच्या खोक्यावर ठेवून बास (खर्जातलं तंतुवाद्य) ऐकायची सवय लागली. क्यूबाचा ठेका मला कानाच्या आधी हाताला कळला.

तुमचा पाय का घसरतो ते सांगते. मनात १ ते १६ एकसारखे मोजा, सलग, न थांबता. पाय १, ५, ९ आणि १३ वर पडू दे. आता टेबलावर बोटाने १, ४, ७, ११ आणि १३ वर टिचकी मारा. हा क्लावे. पहिल्या अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्या अर्ध्यात दोन. दोन लाकडी दांड्यांवर वाजवतात. एक दांडी ओंजळीसारख्या वाकवलेल्या हातावर सैल ठेवायची, म्हणजे खाली पोकळी राहते आणि आवाज कोरडा, टणक निघतो. कधी दोनाचा अर्धा आधी येतो आणि तिनाचा नंतर, पण ठोके तेच.

आता बासकडे वळू. त्याच्या नेहमीच्या चालीला तुम्बाओ म्हणतात. त्यात बास ४ आणि ७ वर वाजतो, मग १२ आणि १५ वर. पहिल्या एक-दोन स्वरांनंतर तो १ वर येतच नाही. १५ वर धरलेला स्वर १ च्या अंगावरून पुढे वाहत जातो. त्यात कोंगाचे दोन मोकळे, घुमणारे आघात पडतात ७ आणि ८ वर, पुन्हा १५ आणि १६ वर. म्हणजे सगळ्यात भरीव आवाज समेच्या आधी येतो आणि समेवर पोकळी असते. स्विंगमध्ये बास पावलागणिक तुमच्याबरोबर चालतो, त्यामुळे तुमचा कान भरीव आवाजालाच सम समजतो आणि पाय तिकडे ओढला जातो. माझ्या हाताला हेच जाणवलं होतं: थरथर, थरथर, आणि मग ऐन मोक्याच्या जागी काही नाही. त्या 'काही नाही'वर पाय ठेवायचा. ही एक गोष्ट जमली की उरलेलं हळूहळू जमतं.

यासाठी पहिला अल्बम काचाओचा, १९५७ साली हवानात मुद्रित झालेल्या छोट्या छोट्या देस्कार्गांचा. देस्कार्गा म्हणजे ठरवून न बांधलेलं, जमून केलेलं वादन. काचाओ म्हणजे इस्राएल लोपेस, स्वतः बास वाजवणारा. वादक रात्रीची नाइटक्लबमधली कामं आटोपून पहाटे स्टुडिओत जमले होते. तुकडे दोन-तीन मिनिटांचे, त्यामुळे हरवलात तरी फार लांब जात नाही. पहिला आठवडा फक्त बास ऐका. ट्रंपेटकडे मन जाईल, जाऊ दे, पण हात बासवर ठेवा.

मग माचितोचा 'केनिया'. हाही १९५७ चाच, मात्र न्यूयॉर्कचा. यात तुमच्या ओळखीचा माणूस भेटेल. 'काइंड ऑफ ब्लू'वर तुम्ही पाठ केलेला कॅननबॉल इथे माचितोच्या अख्ख्या बँडसमोर उभा आहे. जॅझचे सोलो तुम्हाला कळतात, म्हणून त्याचं बोट धरून आत शिरा. त्याची वाक्यं कुठे संपतात आणि खाली तालवाद्यं काय करतात, एवढंच बघा. या बँडचा संगीत दिग्दर्शक मारिओ बाउसा. त्याने १९४३ मध्ये रचलेल्या 'तांगा'पासून या संगीताची सुरुवात धरतात. आधी कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बाउसा आणि गिलेस्पी एकत्र ट्रंपेट वाजवायचे, आणि कोंगावादक चानो पोसोची गिलेस्पीशी गाठ घालून देणाराही बाउसाच.

तिथून 'मान्तेका'ला परत या. १९४७ चं मुद्रण. ज्या मधल्या स्विंगवर तुमचा जीव भांड्यात पडला तो भाग गिलेस्पीचा आहे, आधीचा ठेका पोसोचा. गिलेस्पीने सांगून ठेवलंय की मधला भाग आठ मापांचा करायचा होता, पण आठ झाली तरी मूळ स्वराकडे परतता येईना, म्हणून लिहीत गेला आणि सोळा झाली. तो जोड ऐकू येतो. दोन माणसांच्या दोन लयी एकमेकींत अजून विरघळलेल्या नाहीत, आणि मला ते तसंच आवडतं. पोसो वर्षभरात हार्लेममध्ये मारला गेला. या दोघांना आणखी दहा वर्षं मिळती तर काय झालं असतं, हा विचार मला ते ऐकताना दर वेळी येतो.

यापुढे जोडीने ऐका. मोंगो सांतामारियाचं 'अफ्रो ब्लू' १९५९ च्या 'मोंगो' अल्बमवर आहे. त्यात तिनावर दोनाची लय आहे, बासरी त्यावर तरंगते. लगेच कोल्ट्रेनच्या 'लाइव्ह अ‍ॅट बर्डलँड'वरचं तेच ऐका, १९६३ चं. जवळजवळ ११ मिनिटं आहे. मॅकॉय टायनरचा पियानो आधी वातावरण तापवत नेतो आणि मग कोल्ट्रेन सोप्रानो सॅक्सोफोन घेऊन परत येतो, तेव्हा एल्विन जोन्स ड्रमवर जे करतो ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मोंगोचं नुकतंच ऐकलेलं असेल तर त्या वादळाच्या तळाशी मूळची लय कशी वाकवलीय ते कळतं. एकटं ऐकून अर्धंच हाती लागतं.

केनी डोरमचा 'अफ्रो-क्यूबन', १९५५, हाही घ्या. नावावर जाऊन पूर्ण अल्बम तसाच असेल असं मात्र समजू नका. पहिल्या चार तुकड्यांत पातातो वाल्देसचा कोंगा आर्ट ब्लेकीच्या ड्रमबरोबर आहे, पुढचं सरळ हार्ड बॉप, म्हणजे त्या काळचा जोरकस अमेरिकन जॅझ आहे. 'अफ्रोडीशिया' पहिलाच.

शेवटचा माझ्या जिव्हाळ्याचा: बासवादक चार्ली हेडनचा 'नॉक्टर्न', २००१. क्यूबा आणि मेक्सिकोचे बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, पियानोवर गोन्सालो रुबालकाबा. इथे पाय घसरण्याची भीतीच नाही, सगळं इतकं संथ आहे. हेडनचा एकेक स्वर लाकडातून उमटून विरतो तो हाताखाली पूर्ण मोजता येतो. रात्री, दिवा मालवून.

निशाचर

ताई, प्रतिसाद जपून ठेवतोय. माझी एकच भर: जेरी गोन्सालेस आणि फोर्ट अपाची बँडचा 'रुम्बा पारा मंक'. थेलोनिअस मंकच्या रचना मुळातच ठेचकाळत, अडखळत चालतात, आणि इथे त्या रुम्ब्यावर बसवल्यात. त्याआधी लोस मुन्येकितोस दे मातान्सासची एखादी रुम्बा ऐकून घ्या. जॅझ नाही, फक्त आवाज, ढोल आणि लाकूड. १९५२ पासूनचा गट आहे.

निळा_कागद

उशिरा लिहितोय, कारण आधी ऐकायचं ठरवलं होतं. तीन आठवडे काचाओ आणि 'केनिया'वरच आहे. पहिले चार-पाच दिवस काहीच झालं नाही. मग ताईंनी सांगितलं तसा स्पीकर टेबलावर घेतला आणि वर हात ठेवला. सहाव्या दिवशी ती पोकळ जागा सापडली. पाय तिच्यावर पडला आणि अख्खा तुकडा संपेपर्यंत तिथेच राहिला. मी लागोपाठ सात वेळा तोच तुकडा लावला. 'मान्तेका' अजून लावलं नाहीये, मुद्दाम.

काल मुन्येकितोस ऐकले आणि पुन्हा घोळ झाला. टिचकी १ आणि ४ वर बरोबर जुळते, पण ७ ला मी मारतो तेव्हा त्यांचं लाकूड गप्प असतं, क्षणभराने वाजतं. ११ आणि १३ पुन्हा जुळतात. माझं मोजणं चुकतंय का?

अर्धविराम

नाही हो, तुमचं मोजणं अगदी बरोबर आहे. मी सांगितलेला सोन क्लावे होता, सोन या क्यूबन नृत्यसंगीतातला. रुम्ब्याच्या क्लावेत तिसरा ठोका ७ वरून सरकून ८ वर जातो, बाकी चार जागच्या जागी. तीन आठवड्यांत तुम्हाला तो एक ठोका वेगळा ऐकू आला याचा मला मनापासून आनंद झालाय. आज ८ वर टिचकी मारून बघा, आणि मग 'मान्तेका' लावा.