अनुभव धागा: यूएफओची आवड आणि आपलं कामाचं ठिकाण (सोलापूरकरांसाठी)

मंडळी, हा धागा मुद्दाम काढलाय. आकाशातल्या न ओळखता आलेल्या गोष्टी, यूएफओ म्हणा किंवा हल्ली म्हणतात तसं यूएपी, यात रस असणारी माणसं आपल्या सोलापुरात भरपूर आहेत, पण ऑफिसात, शाळेत, कारखान्यात कुणी तोंड उघडत नाही. माझं म्हणणं एवढंच की गप्प बसण्यात आपलं नुकसान आहे. नासानं २०२२ मध्ये १६ जणांची समिती बसवली, खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड स्पर्गेल अध्यक्ष, १४ सप्टेंबर २०२३ ला त्यांचा अहवाल आला. परग्रहवासीयांचा पुरावा सापडला नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि लोक हसतील या भीतीनं निरीक्षणं नोंदवलीच जात नाहीत म्हणून डेटा मिळत नाही हेही तितकंच स्पष्ट लिहिलंय. तर तुम्ही कामाच्या ठिकाणी ही आवड सांगितलीत का, काय झालं, मोकळेपणानं लिहा. नाव नको, काम आणि भाग लिहिला तरी पुरे.

सीए, नवी पेठ

माझ्या केबिनमध्ये टॅक्सच्या पुस्तकांच्या शेजारीच या विषयाची पुस्तकं आहेत आणि ती मी क्लायंट आला म्हणून कधीच हलवली नाहीत. एक जुने व्यापारी मात्र ती बघून म्हणाले होते, साहेब तुम्ही असलं वाचता, मग आमचा हिशोब नीट बघता ना? मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि अमेरिकन हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकचे, म्हणजे यूएफओच्या नोंदी तपासणाऱ्या त्यांच्या प्रकल्पाचे, आकडे सांगितले. १९४७ ते १९६९, एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. बाकी सगळे तारे, ग्रह, विमानं, बलून. या ७०१ नोंदी म्हणजे सस्पेन्स अकाउंट समजा, कुणाच्या नावावर टाकायच्या ते कळलं नाही म्हणून वेगळ्या ठेवल्यात, कळलं नाही म्हणून त्या परग्रहवाल्यांच्या नावावर टाकायच्या नसतात आणि पुसूनही टाकायच्या नसतात. व्यापारी माणूस, लगेच पटलं. त्यांचं काम आजही माझ्याकडेच आहे. मला वाटतं हा विषय नीट हाताळणारा माणूस हिशोबातही जास्त काटेकोर असतो, कारण उत्तर नसताना उत्तर लिहायचं नाही ही सवय लागते.

प्राध्यापक, भौतिकशास्त्र

कॉलेजचं नाव सांगत नाही. सायन्स डेला या विषयावर भाषण ठेवलं होतं, वरून निरोप आला की असले विषय नकोत, कॉलेजची प्रतिमा खराब होते. पोस्टर उतरवलं गेलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, कारण मी परग्रहवासी आलेत असं सांगणारच नव्हतो. जे. ॲलन हाइनेक हा माणूस खगोलशास्त्रज्ञ, अमेरिकन हवाई दलाचा सल्लागार म्हणून आला तेव्हा बहुतेक नोंदी उडवून लावायचा आणि वर्षानुवर्षं नोंदी तपासून त्याचं मत बदललं, १९७३ मध्ये त्यानं अभ्यासासाठी स्वतःचं केंद्र काढलं. पुरावा बघून मत बदलणं हेच तर मुलांना शिकवायचं होतं. पुढच्या वर्षी तेच भाषण मी 'आकाशातलं निरीक्षण कसं नोंदवावं' या नावानं दिलं, हॉल भरला. नाव बदलावं लागलं याचा मला आनंद नाही, पण मुलांपर्यंत विषय पोचला.

लोको पायलट, मालगाडी

मी पहिल्यांदाच लिहितोय. पहाटेची गाडी, वाडी जंक्शनकडं निघालेलो, दुधनीच्या अलीकडं समोर पूर्वेला लई तेजस्वी ठिपका दिसला, चांदणीपेक्षा मोठा, हलत नव्हता आणि अजून उजाडलेलं नव्हतं. असिस्टंटला दाखवला, त्यालाबी दिसला. तो म्हणाला, सर कुणाला सांगू नका. आमच्या कामात डोळे म्हणजे सगळं काही, ठराविक काळानं मेडिकल असतं, एखाद्यानं म्हटलं की ह्याला काहीबाही दिसायलंय तर काय घ्या, हा विचार पहिला डोक्यात येतो बघा. रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, एका दोस्ताला सांगितलं तर म्हणतो, "काय बे, गाडी चालवलालास का तारे मोजलालास?" मग परत विषय काढला नाही. पुढं मोबाईलवर रायन ग्रेव्ह्जचं बघितलं, अमेरिकन नेव्हीचा माजी पायलट, २६ जुलै २०२३ ला तिकडच्या संसदेच्या समितीसमोर बोलला की वैमानिक करिअरच्या भीतीनं रिपोर्ट करत नाहीत. तेव्हा वाटलं की लढाऊ विमानवाल्यालाबी जर ही भीती असेल तर आपली काय कथा. बरं वाटलं एकदम.

प्राध्यापक, भौतिकशास्त्र

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कुठला महिना होता? हैदराबादहून टीआयएफआरवाले (टाटा मूलभूत संशोधन संस्था) संशोधनासाठी मोठे बलून सोडतात, तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. जमिनीवर अंधार असताना इतक्या उंचीवर सूर्यप्रकाश आधी पोचतो आणि बलून झगझगतो, लांबून जागेवर थांबल्यासारखा वाटतो. शुक्रही असू शकतो, पहाटे पूर्वेला तो भलताच तेजस्वी असतो. तारीख मिळाली तर शुक्र तेव्हा कुठं होता ते पाच मिनिटांत बघता येईल.

लोको पायलट, मालगाडी

जानेवारी-फेब्रुवारी असेल सर, थंडी होती. तारीख डायरीत बघून सांगतो, ड्युटीची नोंद असते. बलूनचं मला कुणी बोललंच नव्हतं, इतके दिवस नुसतं डोक्यात घेऊन फिरलो.

जिल्हा परिषद शिक्षिका, बार्शी तालुका

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवतेय ना सगळ्यांना? जळगाव-नागपूरकडचे जळत्या रेषांचे व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर आले आणि पालकांचे फोन मलाच सुरू झाले, कारण बाईंना असलं आवडतं हे गावात माहीत होतं. ही आवड मी पहिल्या वर्षापासून उघड ठेवलीये आणि त्याचा फायदा तेव्हा दिसला. कुणी क्षेपणास्त्र म्हणत होतं, कुणी काही. मी सगळ्यांना एकच सांगितलं, घाबरू नका, एवढं सावकाश जळत आणि तुकडे होत जाणारं बहुतेक उपग्रहाचं किंवा रॉकेटचं असतं. नंतर चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी रिंग पडलेली सापडली आणि चिनी रॉकेटचा भाग असावा असं जाणकारांनी सांगितलं. तेव्हापासून मुलांना नोंद घ्यायला शिकवते: वेळ, दिशा, किती वेळ दिसलं, आवाज होता का, आणि क्षितिजापासून किती वर. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, पोरं पटकन शिकतात. स्टारलिंकच्या, म्हणजे इंटरनेटसाठी सोडलेल्या, उपग्रहांची रांग दिसली तर आता पोरंच मोठ्यांना समजावतात. केंद्रप्रमुख आधी कुरकुरले होते, मुलांच्या वह्या बघून गप्प झाले.

सरकारी कर्मचारी, सात रस्ता

मी सांगत नाही आणि सांगणार नाही. प्रमोशन जवळ आलंय, आमचे साहेब एकदा चिकटवलेलं लेबल काढत नाहीत. भ्याड म्हणू नका, घर चालवायचंय. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर काहीतरी उडताना दिसलं म्हणून विमानसेवा काही तास थांबली, हवाई दलानं राफेल लढाऊ विमानं पाठवली, ती बातमी मी डब्याच्या सुट्टीत एकट्यानंच वाचली आणि समोर बसलेल्यांशी पावसावर बोललो. इथं लिहिता आलं हेच खूप.

टेरी टॉवेल एक्स्पोर्टर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सगळ्यांचं वाचून माझंही सांगतो. सिएटलचे एक बायर आमच्याकडं युनिट बघायला आले होते. दोन दिवस जीएसएम (म्हणजे कापडाचं वजन), शेड, रेट एवढंच चाललं होतं, माणूस काही खुलत नव्हता. रात्री जेवताना मी विचारलं की तुमच्या घरून माउंट रेनियर दिसतो का, कारण २४ जून १९४७ ला केनेथ आर्नॉल्डनं त्याच डोंगराजवळ नऊ चकाकत्या वस्तू बघितल्या आणि उडत्या तबकड्या हे नाव तिथूनच जगभर गेलं. ते चकितच झाले, सोलापूरच्या टॉवेलवाल्याला हे कसं माहीत! आर्नॉल्ड आपल्यासारखाच धंदेवाला होता, आग विझवायचं सामान विकायचा आणि त्यासाठी स्वतःचं विमान उडवायचा. आमचं जेवण संपेना, शेंगाचटणी परत परत मागवली त्यांनी. ऑर्डर त्यामुळं मिळाली असं मी म्हणणार नाही, ती क्वालिटीवर मिळाली, पण विश्वास त्या रात्री बसला आणि आजही मेलच्या शेवटी ते एखादी बातमी पाठवतात. आमच्या घरी थोरल्यांना वाटायचं की असलं बोलून धंद्यात माणूस हलका होतो, माझा अनुभव पार उलटा आहे.

इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष

अण्णा, एक विचारू का? प्लेसमेंट सुरू होतायत, छंदाच्या रकान्यात मी हे लिहू का? मित्र म्हणतात क्रिकेट लिही.

टेरी टॉवेल एक्स्पोर्टर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

क्रिकेट खेळत असशील तर तेही लिही. पण हे लिहीच, फक्त नुसतं 'यूएफओ' लिहू नको, तू काय करतोस ते लिही, म्हणजे आकाशातल्या दृश्यांच्या नोंदी ठेवतो, विमान, उपग्रह, ग्रह यांच्याशी पडताळून बघतो. समोरच्यानं विचारलंच तर एक सुटलेली आणि एक न सुटलेली केस तयार ठेव. आधी त्या लोको पायलट दादांची तारीख आली की प्राध्यापक सरांबरोबर तू ती पडताळून बघ, तुझ्याच कामाला येईल.